व्याज उतरले, शिलकी पैसा कुठे ठेवाल?



"बँकेने व्याज कमी केले. मग बँकेत पैसा ठेवून फायदा तरी काय?" रविवारच्या वंदनेनंतर विहारात महिला मंडळाच्या भगिनी हा प्रश्न विचारतात. प्रश्न रास्त आहे. घाम गाळून, चार ठिकाणी मन मारून शिल्लक टाकलेला पैसा. त्याचे व्याज घटले की वाईट वाटणारच. पण नेमक्या याच वेळी दारात आणखी एक माणूस येतो. हातात बॅग, खिशाला पेन, तोंडात साखर. तो म्हणतो, "ताई, बँक देते अडीच टक्के. आमच्याकडे ठेवा, बारा देतो." पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नसले की या माणसाचे काम सोपे होते. म्हणून आज या सदरात थोड्या मुदतीच्या शिलकी पैशाचा हिशेब मांडू.

व्याज का उतरले?

बँकांनाही पैशाची नड पडते. रिझर्व्ह बँक त्यांना थोड्या मुदतीसाठी पैसा देते. ज्या दराने देते त्याला रेपो दर म्हणतात. २०२५ सालच्या आरंभी हा दर साडेसहा टक्के होता. त्या वर्षी फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर असा चार वेळा तो उतरवला गेला आणि वर्षअखेर सव्वापाच टक्क्यांवर आला. बँकांना पैसा स्वस्तात मिळू लागला की ठेवीदाराला जादा व्याज देऊन बोलावण्याची त्यांना निकड राहत नाही. ज्याने घरासाठी कर्ज काढले त्याचा हप्ता हलका होतो आणि ज्याने ठेव ठेवली त्याचे व्याजही हलके होते. स्टेट बँकेच्या बचत खात्यावर पूर्वी २.७० टक्के व्याज होते. १५ जून २०२५ पासून ते २.५० टक्के झाले. मोठ्या खाजगी बँकांनीही त्याच महिन्यात अडीच टक्क्यांचा दर लावला.

ज्या समाजाचे उद्धारकर्ते स्वतः जागतिक कीर्तीचे अर्थशास्त्रज्ञ होते त्या समाजाने या गोष्टींना भिऊ नये. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. पुढे चलनविषयक शाही आयोगापुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, त्यांनी साक्ष दिली. त्या आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. बाबासाहेबांनी एवढ्या मोठ्या व्यवहाराचा अभ्यास केला. आपल्याला निदान आपल्या पासबुकाचा अभ्यास यावा.

नुकसान किती झाले?

आता वही-पेन्सिल घ्या. समजा तुमच्या बचत खात्यात वर्षभर ३०,००० रुपये आहेत. २.७० टक्क्यांनी वर्षाचे व्याज होते ८१० रुपये. २.५० टक्क्यांनी होते ७५० रुपये. फरक वर्षाला ६० रुपये, महिन्याला पाच रुपये. अर्ध्या कटिंग चहाचे पैसे! एवढ्यासाठी तीस हजारांचे मुद्दल अनोळखी माणसाच्या बॅगेत टाकायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसरा हिशेबही मांडा. घरात आजारपण आले आणि हाताशी पैसा नसला तर आपली माणसे कोठे जातात? वस्तीतल्या सावकाराकडे. त्याचा दर शेकडा पाच, आणि तोही महिन्याला. दहा हजार घेतले तर महिन्याला पाचशे रुपये, सहा महिन्यांत तीन हजार रुपये नुसते व्याज. मुद्दल जागच्या जागी. म्हणजे घरात दहा हजारांची शिल्लक असल्यामुळे ज्याला सावकाराची पायरी चढावी लागली नाही, त्याचे सहा महिन्यांत तीन हजार वाचले. कोणतीही बँक दहा हजारांवर सहा महिन्यांत तीन हजार व्याज देणार नाही. शिलकी पैशाची खरी कमाई ही आहे. ती पासबुकात छापून येत नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

भगवान बुद्धांनी दीघजाणु नावाच्या गृहस्थाला संसाराच्या सुखाचे मार्ग सांगितले. त्यांत कष्टाने मिळवणे हे पहिले आणि मिळवलेले राखणे हे दुसरे. याला 'आरक्खसंपदा' म्हटले आहे. सिगालोवाद सुत्तातही कमाईचे चार भाग सांगून चौथा भाग अडचणीच्या काळासाठी ठेवावा असा उपदेश आहे. हा चौथा भाग अडचणीच्या दिवशी हाती आला नाही तर त्याचा काय उपयोग?

तीन प्रश्न, याच क्रमाने

कोठेही पैसा ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पहिला : मुद्दल सुरक्षित आहे का? दुसरा : लागेल त्या दिवशी हाती येईल का? तिसरा : व्याज किती? एजंट नेहमी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो. आपण पहिल्यापासून सुरुवात करायची.

पोस्टातील बचत खात्यामागे आणि ठेवींमागे केंद्र सरकार उभे आहे. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा माणशी, प्रत्येक बँकेत पाच लाख रुपये करण्यात आली. त्याआधी ती एक लाख होती. मुद्दल आणि व्याज मिळून, त्या बँकेच्या सर्व शाखांतील पैसा एकत्र धरून ही मर्यादा मोजतात. विम्याचा हप्ता बँक भरते, आपल्याला काही भरावे लागत नाही. सरकारी बँक, खाजगी बँक, लघु वित्त बँक आणि विमा असलेली सहकारी बँक या सर्वांना हे लागू आहे.

पण पतसंस्थेला हा विमा नाही! ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते. तिला रिझर्व्ह बँकेचा बँक-परवाना नसतो. कार्यालयात काचेचा काउंटर असतो, पासबुक असते, रोज दुकानावर येणारा पिग्मी एजंट असतो, म्हणून आपल्याला ती बँकच वाटते. चांगल्या चाललेल्या पतसंस्था आहेत, त्यांनी गरजूंना कर्जेही दिली आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एखादी बुडाली तर ठेवीदारामागे विम्याचा आधार नसतो. म्हणून शेअर घेऊन सभासद व्हायचे असेल तर व्हा. घरची आपत्कालीन शिल्लक मात्र तेथे ठेवू नका.

आणि जे बँकही नाहीत, पतसंस्थाही नाहीत, त्यांच्याविषयी काय बोलावे? २०२५ च्या जानेवारीत मुंबईत 'टोरेस' या दागिन्यांच्या दुकानांचे प्रकरण उघडकीस आले. आठवड्याला परतावा देण्याचे आमिष होते. दादरच्या दुकानासमोर जे लोक रडत उभे होते त्यांत भाजी विकणारे, छोटे दुकानदार, पगारदार अशी आपल्यासारखीच माणसे होती. बँक वर्षाला जे देते त्याहून अधिक जो आठवड्यात देतो म्हणतो, तो ते कोठून देणार? मागाहून येणाऱ्याचे पैसे आधी आलेल्याला. मागचे येणे थांबले की दुकान बंद.

सुरक्षित आहे, पण हाती आहे का?

दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही. विमा आहे म्हणजे पैसा बुडणार नाही, एवढेच. तो उद्या सकाळी मिळेल असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला अवघे एक हजार रुपये काढता येत होते. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. पहिले दोन आठवडे एक रुपयाही काढता आला नाही, पुढे २५,००० रुपयांपर्यंत मुभा मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. पण त्या दोन आठवड्यांत ज्यांच्या घरी ऑपरेशन होते, ज्यांच्या मुलीची फी भरायची होती, त्यांनी काय केले असेल? २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार अशा वेळी विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली, ही चांगलीच गोष्ट. पण दवाखाना ९० दिवस थांबत नाही.

यातून धडा एवढाच की, घरातील सगळी शिल्लक एकाच ठिकाणी ठेवू नये. निदान काही भाग सरकारी बँकेत किंवा पोस्टात असावा.

कोठे काय मिळते?

आता तिसरा प्रश्न, व्याजाचा. आपल्या ऐपतीची ठिकाणे पाहू.

बँकेचे बचत खाते : व्याज कमी, पण पैसा केव्हाही काढता येतो. १ एप्रिल २०१० पासून बँकांनी रोजच्या शिलकेवर व्याज मोजण्याचा नियम आहे. किमान शिलकेच्या दंडाची चौकशी आधी करा, नाहीतर वर्षाचे व्याज दंडातच जायचे. स्टेट बँकेने २०२० साली बचत खात्यांवरील हा दंड काढून टाकला. कॅनरा बँकेने जून २०२५ पासून काढला. इतर बँकेत खाते असेल तर शाखेत विचारा. जनधन किंवा साधे मूळ बचत खाते असेल तर किमान शिलकेची अटच नसते.

पोस्टाचे बचत खाते : येथे २०२५ सालभर ४ टक्के व्याज होते, म्हणजे मोठ्या बँकांच्या दीडपटीहून अधिक. पाचशे रुपयांत खाते उघडते आणि पाचशेची शिल्लक ठेवावी लागते. एक खुबी लक्षात ठेवा. पोस्टात रोजच्या शिलकेवर व्याज नसते. महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचे व्याज मिळते. म्हणून पैसे १० तारखेच्या आत भरा. काढायचे असतील आणि घाई नसेल तर २८ तारखेला न काढता पुढच्या महिन्याच्या १ तारखेला काढा. दुसरे असे की, पोस्टाच्या इमारतीतच इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचेही खाते उघडून देतात. ते वेगळे खाते, त्याचा दरही वेगळा. खाते उघडताना "डाकघर बचत खाते पाहिजे" असे स्पष्ट सांगा.

बँकेची मुदत ठेव : ही सात दिवसांपासून पुढे ठेवता येते. अगदी थोड्या दिवसांच्या ठेवीचा दर बचत खात्याच्या आसपासच असतो. सहा महिन्यांपासून पुढे तो बरा होतो. मुदतीपूर्वी पावती मोडली तर जितके दिवस पैसा राहिला तितक्या मुदतीचा दर लावतात आणि त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का दंड कापतात. मुद्दलाला धक्का लागत नाही.

पोस्टाची एक वर्षाची ठेव : २०२५ साली तिचा दर ६.९ टक्के होता. पण सहा महिन्यांपूर्वी ती मोडता येत नाही आणि सहा महिन्यांनंतर, वर्षाच्या आत मोडली तर बचत खात्याच्या दरानेच व्याज मिळते. म्हणजे वर्षभर हात लावायचा नसेल तरच ती फायद्याची. पोस्टाची आवर्त ठेव तर पाच वर्षांची. थोड्या मुदतीच्या पैशासाठी ती नव्हेच.

लघु वित्त बँका मोठ्या बँकांपेक्षा जास्त व्याज देतात आणि त्यांनाही पाच लाखांचा विमा आहे. काही भाग तेथे ठेवायला हरकत नाही, पण सगळा ठेवू नका. 'महिला सन्मान बचत पत्र' ही योजना मात्र ३१ मार्च २०२५ नंतर नव्या ठेवींसाठी बंद झाली. त्या नावाने कोणी पैसे मागू लागला तर त्याला पोस्टाची पायरी दाखवा.

बोनसचा हिशेब

आपण दिवाळी साजरी करीत नसलो तरी बोनस दिवाळीच्या सुमारासच येतो. मुंबई महापालिकेच्या कामगारांना २०२५ साली ३१,००० रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झाले. समजा, एका सफाई कामगाराच्या घरात वरखर्च जाऊन नोव्हेंबरात ३०,००० रुपये उरले आणि ते मे महिन्यात मुलांच्या प्रवेशाला लागणार आहेत. मुदत सहा महिन्यांची.

सगळे बँकेच्या बचत खात्यात ठेवले तर अडीच टक्क्यांनी ३७५ रुपये मिळतील. सगळे पोस्टाच्या बचत खात्यात ठेवले तर ४ टक्क्यांनी ६०० रुपये. सहा महिन्यांच्या मुदत ठेवीचा दर साडेपाच टक्के धरला तर ८२५ रुपये.

८२५ चा आकडा मोठा दिसतो. पण जानेवारीत घरात कोणी आजारी पडले तर पूर्ण पावती मोडावी लागेल. म्हणून असे करा. दहा हजार बचत खात्यात मोकळे ठेवा. उरलेल्या वीस हजारांची एकच पावती न करता दहा-दहा हजारांच्या दोन पावत्या करा. बचत खात्याचे १२५ आणि पावत्यांचे ५५० असे मिळून ६७५ रुपये होतात. मोकळे दहा हजार पोस्टात ठेवले तर ७५० होतात. नड आली तर आधी मोकळा पैसा वापरा. पुरला नाही तर एकच पावती मोडा, दुसरी चालू राहील. व्याजात ७५ किंवा १५० रुपये कमी पडतील. सावकाराकडे न जाण्याची ही किंमत आहे आणि ती स्वस्त आहे.

दर उतरत असताना एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. बचत खात्याचा दर बँक केव्हाही बदलू शकते. मुदत ठेवीचा दर मात्र पावतीवर लिहिला की मुदत संपेपर्यंत तोच राहतो. म्हणून ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे, मग ती फी असो, डिपॉझिट असो की लग्न असो, त्याची पावती लवकर करावी. ज्याची तारीख ठाऊक नाही, तो पैसा मोकळाच ठेवावा. पावती करताना "मुदत संपताच रक्कम खात्यात जमा करा" असे लिहून द्या. नाहीतर बँक त्याच मुदतीसाठी, त्या दिवशी जो उतरलेला दर असेल त्याने, पावती पुन्हा चालू करते आणि फी भरायच्या दिवशी ती मोडत बसावे लागते.

पासबुक कोणाच्या नावाने?

आपल्या घरांतून पासबुक पुरुषाच्या नावाने आणि काटकसर बाईच्या नावाने असा प्रकार फार आहे! धरून चाला, उद्या घरचा कर्ता अचानक गेला, तर ज्या पैशासाठी तिने पोटाला चिमटा घेतला त्याच पैशासाठी तिला बँकेत दाखले घेऊन फिरावे लागेल. म्हणून खाते दोघांच्या नावाने करा आणि फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' ही सूचना द्या. म्हणजे दोघांपैकी कोणीही, आणि एकाच्या पश्चात दुसरा, पैसे काढू शकतो. शिवाय नॉमिनी लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनींपर्यंत नावे देण्याची सोय झाली आहे. दहा वर्षे हात न लागलेल्या खात्यातील पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातो. तो हक्काने परत मागता येतो, पण तसे खाते होते हे घरच्यांना माहीत तर पाहिजे! पासबुके, पावत्या कोठे आहेत हे बायकोला आणि जाणत्या मुला-मुलींना सांगून ठेवा. ज्या भगिनींच्या खात्यात २०२४ च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचा पैसा येऊ लागला, त्यांनी आपले पासबुक स्वतः भरून आणावे, स्वतः वाचावे.

विहाराच्या बांधकामाचा निधी, जयंतीची वर्गणी यांनाही हेच नियम लावावेत. हा पैसा अध्यक्षांच्या कपाटात किंवा खजिनदारांच्या खाजगी खात्यात असू नये. संस्थेच्या नावाने खाते, दोन सह्या, आणि जयंतीची तारीख पाहून केलेली पावती. हिशेबाचा कागद विहाराच्या फळ्यावर लावला की भांडणे उरत नाहीत.

दर पुढेही बदलतील. कधी चढतील, कधी उतरतील. पोस्टाचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करते, बँकांचे दर शाखेत विचारले की सांगतात. पैसे ठेवण्याच्या दिवशी ते स्वतः विचारून घ्या. आणि दारात येऊन बारा टक्क्यांची भाषा करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा : "दादा, माझ्या मुद्दलाला विमा आहे का? कागद दाखवा." उत्तर देण्याऐवजी तो व्याजाचे बोलू लागला तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा.

जयभीम! नमो बुद्धाय!